गाठोडी धुवायची नाहीत

गोदक्कांच्या घरात एक सागवानी कपाट होतं. त्याला पितळी कुलूप होतं, कुलपाची किल्ली गोदक्कांच्या कमरेला असायची, आणि आत चोराच्या उपयोगाचं काहीही नव्हतं. होती ती जुन्या कापडांची गाठोडी, कळकट आणि आंबूस वासाची. आमच्या दारात कुणी मूल सोडून गेलं, की ते ज्या कापडात गुंडाळलेलं असेल ते कापड, अंगात झबलं असेल तर तेही, जसंच्या तसं बांधून या कपाटात जायचं. पन्नास-साठच्या दशकांत, बंगळूरच्या राजाजीनगरात, मी या घरात काम केलं. मुलांना न्हाऊमाखू घातलं, गोवर-कांजिण्या काढल्या, शाळेत त्यांची नावं घातली. आपल्या मंडळाच्या अंकासाठी कामातला एखादा प्रसंग लिहा असं सांगणं आलं, तेव्हा यातलं काहीच आठवलं नाही. आठवलं ते कपाट.

गोदक्का म्हणजे गोदावरीबाई. त्यांचं घराणं बंगळुरात तीनशे वर्षांचं. आपले पूर्वज राजांबरोबर आले, असं त्यांचे भाऊ छाती फुगवून सांगायचे. गोदक्का म्हणायच्या, "राजाबरोबर आले म्हणजे काय, घोड्याला चंदी घालायला पण कोणतरी लागतंच की!" एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आलं आणि चिकपेठेतल्या भावाच्या घरी त्या सगळ्यांची अक्का होऊन राहिल्या. एका सकाळी घरापुढच्या कट्ट्यावर त्यांना एक तान्हं मूल सापडलं. भावानं पहिला प्रश्न विचारला, "जात कोणती?" गोदक्का म्हणाल्या, "बोलायला लागलं की विचारून सांगते." तिथून जे फाटलं ते फाटलंच. गोदक्का मुलाला घेऊन राजाजीनगरात आल्या. तेव्हा तिथे लाल माती, आखलेले प्लॉट आणि मधूनमधून घरं, एवढंच होतं. एकाची चार मुलं झाली, चाराची वीस. बाहेर पाटी लावा म्हणून पुष्कळांनी सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "पाटी बेडा, नकोच. पाटी दारावर लावली की ती पोरांच्या कपाळावर पण चिकटते."

मी पुण्याची. यजमान इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, त्यांच्यामागे मी आले. आम्हाला मूलबाळ नव्हतं, आणि दुपारी घर खायला उठायचं. शेजारणीबरोबर मदतीला म्हणून दोन तास गेले आणि तिथलीच झाले. मुलं मला मालतक्का म्हणू लागली. गोदक्कांचं मराठी आणि माझं मराठी यांत सुरुवातीला बरीच खडाखडी व्हायची. त्यांच्या बोलण्यात निम्मं कानडी, आणि माझ्या नाकावर निम्मं पुणं.

आता त्या गाठोड्यांचं काम काय, ते सांगायला हवं. सोडलेलं मूल न्यायला कधीकधी कुणी परत येतं. आजार सरतो, दुष्काळ सरतो, नवरा ताळ्यावर येतो, आणि आई येते. पण दर वेळी येणारी बाई आईच असते असं नाही. घरकामाला फुकटची पोर हवी असते, भीक मागायला हवी असते, याहून वाईट कामालाही हवी असते. आईची ओळख पटवायची कशी? कागद नाही, पत्र नाही, नावसुद्धा आम्हीच ठेवलेलं. तेव्हा येणाऱ्याला गोदक्का एकच विचारायच्या, "मूल सोडलं तेव्हा अंगावर काय होतं?" त्यानं सांगायचं, आणि मग गाठोडं उघडायचं.

पूर्वी हे सगळं गोदक्का एका वहीत लिहून ठेवत. कुणीतरी ती वही वाचली, एका गृहस्थाला माहिती पुरवली, आणि त्यानं येऊन टाक्यासकट घडाघडा सांगितलं. गोदक्कांनी सहा वर्षांची मुलगी त्याच्या हवाली केली. पुढे ती दिसली एका खाणावळीत, मोठाली पातेली घासताना. गोदक्कांनी तिला परत आणलं, आणि त्याच दिवशी ती वही बंबात घातली. तेव्हापासून गाठोड्याला फक्त एक चिंधी बांधायची आणि तिच्यावर मुलाचं नाव, तेही मोडीत. त्यांच्या घराण्यात मोडी चालत आलेली होती, आणि राजाजीनगरात दुसरं कुणी ती वाचणारं नव्हतं.

खरी मेख पुढेच आहे. कापड काय, चार जणांनी पाहिलेलं असू शकतं. पण या कापडांच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा एक गाठ असे. मूल सोडून जाणारी आई तिच्यात काहीतरी बांधून जायची. काय, ते तिचं तिलाच ठाऊक. गोदक्का ती गाठ बोटांनी चाचपूनसुद्धा बघत नसत. "आपल्याला कळलं की आपल्या तोंडातून कधीतरी जाणार," त्या म्हणत. गाठ सोडायची ती दावा सांगणारा समोर बसल्यावर, त्यानं आधी सांगितल्यावर. आणि दुसरा नियम, गाठोडी धुवायची नाहीत.

दत्तक मूल बघायला आलेल्या एका जोडप्यातल्या बाईंनी एकदा हट्ट धरला होता, की आधी ते कापड दाखवा, कापडावरून घराणं कळतं. गोदक्का म्हणाल्या, "कापडच बघायचं तर चिकपेठेत जा बाई, तिथं पदर उलगडून दाखवतात." ते जोडपं परत आलं नाही. मला तेव्हा हसू आलं होतं. त्या बाईंना मी मनातल्या मनात नावं ठेवली, पण पुढे मी जे केलं ते त्यांच्याहून वाईट होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गोदक्का चार दिवस म्हैसूरला गेल्या आणि किल्ली माझ्याकडे दिली. मुलांमध्ये खरजेची साथ होती. मी घर झाडून, सारवून, लख्ख करायला घेतलं. कपाट उघडलं तर आंबलेल्या दुधाचा, मुताचा भपकारा आला आणि आतून दोन झुरळं पळाली. मला नियम ठाऊक होता. पण मनात म्हटलं, सणासुदीला घरात ही घाण? खरूज येणार नाही तर काय होणार? आमच्या घरी दिवाळीत चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय राहत नसे. वाटलं, गोदक्का मोठ्या खऱ्या, पण स्वच्छतेचं त्यांना काय कळतं! मी हंड्यात पाणी उकळलं. सोळा गाठोडी सोडली. गाठींमध्ये मळ अडकतो म्हणून गाठीही सोडल्या आणि आतलं जे काही होतं ते धुण्याच्या दगडापाशी मोरीत झटकून टाकलं. हळकुंड होतं, अंगारा होता, कसले कसले दाणे होते. एका गाठीत बांगडीचा तुकडा होता. तो माझ्या बोटात असा घुसला की निळीच्या पाण्यात रक्त उतरलं.

सगळी कापडं दोरीवर वाळत घातली, तेव्हा ऊन बघून फार बरं वाटलं. संध्याकाळी घड्या घालायला बसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. गाठींत काय होतं ते मी टाकून दिलं होतं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मोरीत जाऊन चाचपडले, तर सगळं वाहून गेलेलं. मग मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. ज्या कोपऱ्यात जशी गाठ होती तिथे तशीच रिकामी गाठ पुन्हा बांधली, चिंध्या बांधल्या, वर कडुनिंबाचा पाला टाकला आणि कुलूप लावलं. चिंध्यांचा घोळ मात्र मी होऊ दिला नव्हता, एवढंच काय ते पुण्य.

गोदक्का आल्या, घर बघून म्हणाल्या, "चांगलं केलंस गं." कपाट त्यांनी उघडलं नाही. महिन्याभरानं धुण्याच्या दगडापाशी चार हिरवी रोपं उगवली. गोदक्का वाकून बघत म्हणाल्या, "ही तर नाचणी. इथं कोणी पेरली?" मी म्हटलं, पक्ष्यांनी टाकली असेल. आणि रात्रंदिवस ती धास्ती घेऊन वावरू लागले. दारात अनोळखी बाई दिसली की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. ती भाजी विकायला आलेली असली तरी.

साडेतीन वर्षं कुणी आलं नाही. मग एका दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुनियम्मा आली.

सडपातळ, काळीसावळी, हातांना सिमेंटच्या भेगा. रस्त्याच्या आणि कालव्याच्या कामांवर टोळीबरोबर फिरणारी. ती कानडीत सांगत होती आणि गोदक्का ऐकत होत्या. नवरा तापानं गेला, हिलाही ताप, अंगावर दूध नाही, म्हणून दहा महिन्यांची मुलगी गौरीच्या सणाच्या दिवशी आमच्या फाटकाशी ठेवली. आता दीर बरोबर आहे, हाताला काम आहे, मुलगी न्यायची आहे. गौरीच्या दिवशी आलेली ती आमची गौरी. ती अंगणात चौकोन आखून लंगडी खेळत होती. मुनियम्मा अंगणातल्या पोरींकडे टक लावून बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं, की ती दुसऱ्याच पोरीकडे बघते आहे. दहा महिन्यांचं मूल पाच वर्षांजवळ आलं की आईनं तरी कसं ओळखावं? पण गोदक्कांनीही ते पाहिलं होतं.

"अंगावर काय होतं?" गोदक्कांनी विचारलं.

"निळ्या चौकड्यांचा पंचा. वर लाल साडीचा अर्धा तुकडा," मुनियम्मा म्हणाली. "साडीच्या कोपऱ्यात गाठ. गाठीत आमच्या शेतातली नाचणी आणि माझ्या बांगडीचा तुकडा."

गोदक्कांनी कपाट उघडलं, मोडीतली चिंधी वाचली, गाठोडं पुढ्यात ठेवलं. निळ्या चौकड्यांचा पंचा निघाला. लाल तुकडा निघाला. गोदक्का मान डोलावू लागल्या. मग त्यांनी गाठ सोडली. गाठीत काही नव्हतं.

त्यांनी कोपरा उलटा करून झटकला. मुनियम्मा पुढे सरकली, तिनं दुसरा कोपरा पाहिला, तिसरा पाहिला. "मी बांधली होती," ती म्हणाली. "या हातांनी बांधली होती, अम्मा." गोदक्कांचा चेहरा एकदम मिटला. त्या खाणावळीतल्या पोरीनंतर त्या चेहऱ्यात दयेला जागा उरत नसे. "सरी, अम्मा, जुळलं नाही," त्या म्हणाल्या. "स्वल्प बस, जेवून जा."

मुनियम्मा जेवली नाही. टोळीची लॉरी दोन वाजता यशवंतपूरजवळच्या तुमकूर रस्त्यावरून सुटणार होती, लांब कुठेतरी कालव्याच्या कामाला. पुन्हा येणं होईल की नाही, ती म्हणाली, देवाला ठाऊक. पदर तोंडावर घेऊन ती फाटकाबाहेर पडली.

आणि मी काय केलं? पानं मांडली. वीस ताटांत भात वाढला, सारू वाढलं. एका ताटात दोनदा वाढलं आणि एकात वाढलंच नाही. मनात म्हणत होते, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई तर गेली. आणि गौरीला इथे काय कमी आहे? शाळेत जाईल, शिकेल. लॉरीतून धूळ खात फिरण्यापेक्षा इथेच बरी. स्वतःला वाचवायला माणूस किती शहाण्यासारखा विचार करतो! घड्याळात एक वाजायला आला होता. गौरी भात कालवता कालवता म्हणाली, "मालतक्का, ती अम्मा रडत का गेली? तिला जेवण बेडा होतं?"

मी वाढणी तशीच ठेवली आणि गोदक्कांपुढे जाऊन उभी राहिले. सगळं एका दमात सांगितलं. म्हैसूर, दिवाळी, हंडा, मोरी, रिकाम्या गाठी. "आणि ती नाचणी पक्ष्यांनी नव्हती टाकली, अक्का. मी टाकली."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला तिची दया आली म्हणून सांगतेस, की खरं सांगतेस?"

"खरं सांगते."

"आजपर्यंत खोटं वागलीस. आता खरं कशावरून?"

मी बोट पुढे केलं. त्यावर बारीकसा व्रण होता. पण व्रण काय, विळीचाही असतो. गोदक्का म्हणाल्या, "बांगडी कसल्या रंगाची होती?"

"पिवळी. वर तांबडे ठिपके."

"तिनं रंग सांगितला नव्हता."

"नाही."

गोदक्का उठल्या. "मग चल. तिला विचारू. जुळलं तर ती आई. नाही जुळलं तर दोघी खोट्या."

नाक्यावर जटका मिळाला. घोडं म्हातारं, गाडीवान त्याच्याहून म्हातारा. लॉरी निघून गेली असेल, ही एक भीती, आणि तिच्याहून मोठी दुसरी. बांगडी खरंच पिवळी होती ना? की हिरवी? हिरवी तर सगळ्याच घालतात, मग मला पिवळी का आठवतेय? ठिपके तांबडे होते, की ते माझंच रक्त होतं? साडेतीन वर्षं मी तो तुकडा मनात विसरायचा प्रयत्न केला होता, आणि आता त्याच्यावर एका पोरीचा जन्म टांगला होता. मी चुकीचा रंग सांगितला असेल, तर खरी आई माझ्या तोंडून खोटी ठरणार होती, दुसऱ्यांदा, त्याच दिवशी. मी डोळे मिटून तो दगड, ती मोरी, ते निळीचं पाणी पुन्हा पुन्हा आठवत होते. जितकं आठवावं तितकं ते पुसट होत गेलं.

लॉरी उभी होती. माणसं चढत होती, घमेली, फावडी, गाठोडी वर जात होती. मुनियम्मा मागच्या फळीला टेकून बसली होती. आम्हाला बघून तिनं तोंड फिरवलं. गोदक्का खाली रस्त्यात उभ्या राहिल्या आणि वर बघून म्हणाल्या, "बांगडी कशी होती, अम्मा?"

आपली थट्टा करायला आल्या असं तिला वाटलं असावं. गोदक्कांनी पुन्हा विचारलं. लॉरीचं इंजिन सुरू झालं. माझ्या कानशिलात इतके ठोके पडत होते, की तिचे ओठ हललेले दिसले आणि ऐकू काहीच आलं नाही.

"काय म्हणाली?" मी गोदक्कांचा दंड धरला.

"हळदीच्या रंगाची," गोदक्का म्हणाल्या. "वर कुंकवाचे ठिपके. लग्नातली."

आणि त्या तीनशे वर्षांच्या घराण्यातल्या बाईनं भर रस्त्यात त्या मजूर बाईला हात जोडले. "आमची चूक झाली, अम्मा. उतर खाली." माझी चूक असं त्या म्हणाल्या नाहीत. आमची म्हणाल्या. मी रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलासारखी रडले.

लॉरी मुनियम्माला सोडून गेली. आमच्याकडे मूल लगेच हातात देत नसत. आईनं पंधरा दिवस घरात राहायचं, मुलाशेजारी झोपायचं, आणि मूल आपणहून तिचा पदर धरील तेव्हा न्यायचं. गौरीनं अकराव्या दिवशी धरला. दीर येऊन दोघींना घेऊन गेला. जाताना दगडापाशी दर वर्षी आपणच उगवणाऱ्या नाचणीचं एक कणीस मुनियम्मानं खुडलं आणि पदरात बांधलं. मी ते दुरून पाहिलं. जवळ जायचं धाडस झालं नाही.

त्याच दुपारी मी गोदक्कांना म्हटलं, की उद्यापासून मी येणार नाही, माझी लायकी नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जाऊन सुटायचंय होय? सोळांतली एक गेली. पंधरा राहिलीत. कोणाची आई येईल तेव्हा तिला काय सांगायचं? आणि कोणाची आली नाही, तर पोर मोठी होऊन जाताना तिचं गाठोडं तिला द्यायचं असतं. तेव्हा तिला सांगायचं कोणी? तूच सांगायचं. पंधरा वेळा." किल्ली त्यांनी पुन्हा मला दिली नाही. राहायला मात्र लावलं.

पंधरांपैकी कुणाचीही आई आली नाही. हे मी सुखानं लिहीत नाही. आली असती तर मी काय केलं असतं, हा विचार अजून छळतो, कारण बाकीच्या गाठींतलं मला काही धड आठवत नव्हतं. हळकुंड कुणाचं, अंगारा कुणाचा? बोटात घुसली म्हणून बांगडी तेवढी राहिली. मुलं एकेक करून मोठी झाली आणि मी एकेकाला सांगत गेले. एक मुलगा हसला, म्हणाला, सोडा हो मालतक्का, जुनी चिंधी ती. एका मुलीनं ऐकून घेतलं आणि ती पुढे कधी माझ्याशी बोलली नाही. तिला मी दोष देत नाही.

गोदक्का साठचं दशक सरता सरता गेल्या. किल्ली आपोआप माझ्या कमरेला आली. पुढच्याच वर्षी त्या पंधरांतली शांती निघाली, नर्सिंगच्या शिक्षणाला. मी कपाट उघडलं आणि गोदक्कांनी शेवटी शेवटी शिकवलेल्या मोडीवर चिंधी वाचून तिचं गाठोडं काढलं. तपकिरी धाबळीचा तुकडा आणि एक झबलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि नाकाशी नेलं. मग म्हणाली, "ह्याला तर कसलाच वास नाही."

मी सांगितलं. आठव्यांदा सांगत होते. तिनं कोपऱ्यातली गाठ सोडली, रिकामा कोपरा बोटांनी सपाट केला.

"ह्याच्यात काय होतं?"

"आठवत नाही गं." नाचणी होती म्हणावं, हळकुंड होतं म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. कोण पारखणार होतं! पण नाही म्हणाले. "खरंच आठवत नाही."

शांती रडली नाही, रागावलीही नाही. बाहेर तिला न्यायला आलेली गाडी थांबली होती. तिनं धाबळीचा कोपरा माझ्यापुढे धरला. "मग बांधून द्या," ती म्हणाली. "आईची गाठ तर गेली. तुमची तरी राहू दे."

मी बांधलेली गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.